समोर माणूस बसला असताना फोन कुठे ठेवायचा

अमळनेरला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. याच गाळ्यात आधी एसटीडी-पीसीओ होतं. दुरून बोलणारी माणसं मी तरुणपणापासून काउंटरच्या या बाजूनं बघत आलोय. डिस्प्ले बदलून होईपर्यंत गिऱ्हाईक स्टुलावर बसतं आणि हातात फोन नसल्यामुळे बोलायला लागतं. बोलणं बहुतेकदा एकाच ठिकाणी येतं: घरात माणसं आहेत, पण कोणी कोणाशी बोलत नाही. भाऊ जेवताना मान वर करत नाही. मित्र पारावर जमतात आणि आपापल्या फोनमध्ये बसतात. पाहुणा येतो, चहा पितो, रील बघतो आणि निघून जातो. या लोकांना मी जे सांगतो ते इथे लिहितोय, कारण दुकानात गर्दी असली की सांगणं अर्धंच राहतं.

नेट बंद करा असं मी कोणाला सांगत नाही. रावेर-यावलच्या केळीवाल्याला बऱ्हाणपूरचा भाव सकाळीच फोनवर बघावा लागतो. भुसावळला रेल्वेत असलेल्या माणसाला ड्युटीचा निरोप फोनवर येतो. निम्मं खानदेश तर पोटासाठी सुरतेला नाहीतर पुण्याला गेलंय. त्यांची तोंडं आईबापाला एरवी दिसणार कुठे? माझं म्हणणं एवढंच आहे की नेटवरून भेट ठरवा, नेटवरच भेट उरकू नका. पीसीओच्या काळात लोक हेच करायचे. मीटरवर आकडा पळत असायचा, म्हणून बोलणं आटोपशीर: "शनिवारच्या पॅसेंजरनं येतोय, स्टेशनवर ये." बाकीचं सगळं घरी आल्यावर. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटाचे भाव पडले आणि बोलणं जवळपास फुकट झालं. याचा आनंद मलाही आहे. पण आता बाकीचं सगळं फोनवरच होऊन जातं आणि घरी यायला निमित्त उरत नाही.

हे आपल्याकडचंच दुखणं नाही. अमेरिकेत पिट्सबर्गला रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात 73 घरांतल्या 169 माणसांची पाहणी केली. या घरांत तेव्हा नेट नवंनवं आलं होतं. 1998 साली त्यांनी छापलं की ज्यांनी नेट जास्त वापरलं त्यांचं घरातल्यांशी बोलणं थोडं कमी झालं, माणसांचा गोतावळा थोडा आकसला, एकटेपणा थोडा वाढला. ही गोष्ट जगभर गाजली. पण 2002 साली त्याच क्राउटनी पुढची पाहणी छापली, तेव्हा ते वाईट परिणाम बहुतेक ओसरले होते. मोकळ्या स्वभावाच्या, आधीपासून माणसांत असलेल्या लोकांना नेटचा फायदाच झाला होता. बुजऱ्या माणसांना तसा झाला नव्हता. मी यातून हे घेतलं की नेट सगळ्यांना एकाच दिशेला ढकलत नाही. आपण त्याला कोणत्या कामाला लावतो यावर बरंच आहे, आणि ते ठरवणं आपल्या हातात आहे.

आधी आठवडाभर नुसतं बघा

काही बदलण्याआधी घरात काय चाललंय ते बघून घ्या. लोक लगेच स्क्रीन टाईमचा आकडा काढतात आणि पोरांच्या नाकासमोर धरतात. तो आकडा फसवा असतो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी चार तास फोनवर असेल आणि जेवायला बसली की आईशी पोटभर बोलेल. बापाचा एकूण वेळ तासाभराचाच असेल, पण तो नेमका ताट समोर असताना, दोन-दोन मिनिटांचा. नातं बिघडवतो तो हा दुसरा प्रकार. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग उघडलं तर दिवसात किती वेळा फोन अनलॉक केला हेही दिसतं. तासांपेक्षा तो आकडा जास्त खरं बोलतो.

आणखी एक बघा, त्याला कुठलं सेटिंग लागत नाही. संध्याकाळी घरातलं कोणी बाहेरून आलं तर आत बसलेल्यांपैकी कितीजण मान वर करतात? शेतातून दमून आलेल्या माणसाला कोणी नुसतं "आलास का" म्हटलं तरी पुढची रात्र वेगळी जाते. कोणीच बघत नसेल तर सुरुवात तिथून करा. दार वाजलं की फोन उलटा करायचा आणि आलेल्याच्या तोंडाकडे बघायचं. ही सवय आधी घरातल्या मोठ्यांनी लावून घ्यायची. पोरांना सांगायचं नाही, ती बघून शिकतात.

फोनला घरात जागा द्या

चपलेला जागा असते, चावीला खिळा असतो, फोन मात्र माणसाबरोबर ताटापर्यंत आणि उशीपर्यंत जातो. त्याला एक जागा ठरवून द्या. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे चार्जरची जागा बदलणं. स्वयंपाकघरातून आणि झोपायच्या खोलीतून चार्जर काढा आणि बाहेरच्या खोलीत, जिथे कोणी बसत नाही अशा कोपऱ्यात एक एक्स्टेंशन बोर्ड लावा. फोन माणसाच्या मागे जात नाही, चार्जरच्या मागे जातो, हे मी खात्रीनं सांगू शकतो. (उशीखाली फोन ठेवून चार्जिंग करू नका, हे दुरुस्तीवाला म्हणून वेगळं सांगतो. आपल्याकडचा उन्हाळा, त्यात उशीची ऊब; फुगलेल्या बॅटऱ्या माझ्याकडे एप्रिल-मेमध्येच जास्त येतात.)

खिशात सायलेंटवर ठेवला तर चालेल का, असं लोक विचारतात. टेक्सास विद्यापीठात एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी जवळपास 800 जणांवर प्रयोग केला होता, तो 2017 साली छापून आला. सगळ्यांचे फोन सायलेंटवर होते; काहींचे टेबलावर पालथे, काहींचे खिशात किंवा बॅगेत, काहींचे दुसऱ्या खोलीत. मग त्यांना लक्ष लावून करायची कामं दिली. दुसऱ्या खोलीत फोन ठेवलेले सरस ठरले. तो प्रयोग लक्ष देण्याबद्दलचा होता, नात्यांबद्दलचा नाही. पण समोरच्याचं ऐकणं म्हणजे लक्ष देणंच की. नात्यांच्या जवळ जाणारा प्रयोग कॅनडात झाला. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 300 हून जास्त लोकांना आपल्या मित्रांबरोबर, घरच्यांबरोबर जेवायला बसवलं. काहींना फोन टेबलावर ठेवायला सांगितलं, काहींना बाजूला ठेवून द्यायला लावलं. ज्यांचे फोन टेबलावर होते त्यांचं चित्त जास्त विचलित झालं आणि जेवणातला आनंद थोडा कमी झाला. फरक थोडाच होता. पण आपण रोज दोन वेळा जेवतो.

महत्त्वाचा फोन चुकेल ही भीती खरी आहे, तिला उडवून लावू नका. त्यासाठी डू नॉट डिस्टर्बमध्ये अपवाद ठेवता येतात. घरचे, दवाखाना, साहेब असे निवडक नंबर चालू ठेवा. अँड्रॉइडमध्ये पंधरा मिनिटांच्या आत त्याच माणसानं पुन्हा फोन केला तर तो वाजू द्यायचा, अशीही सोय आहे. ती चालू करा आणि नातेवाइकांना सांगून ठेवा: तातडीचं असेल तर लगेच दुसऱ्यांदा लावा. दुकानात मी हे फुकट करून देतो. त्यानंतर फोन आतल्या खोलीत ठेवताना माणसाचा जीव टांगणीला लागत नाही.

ओट्यावर पाहुणा आला की

पाणी द्या, बसवा आणि त्याच्या देखत फोन आत ठेवून या. "देखत" हे मुद्दाम म्हणतोय. पाहुण्याला तोंडानं काही सांगावं लागत नाही, तोही आपला खिशात घालतो. एखादा फोन घ्यावाच लागणार असेल तर आल्या आल्या सांगून टाका: "मुलीचा नाशिकहून फोन येणार आहे, तेवढा घेईन." मग तो आला तरी कोणाला वाईट वाटत नाही. न सांगता मध्येच उठलं की समोरच्याला तो स्वतः बिनकामाचा असल्यासारखं वाटतं, आणि ते तो घरी जाऊन बोलतो, तुमच्याजवळ नाही.

पाहुण्याला फोनमधलं काही दाखवूच नये असंही नाही. भाचीच्या लग्नाचे फोटो दाखवले, कोण कोण आलं होतं, कोणाची तब्येत उतरली हे सांगितलं तर फोटोतून गप्पा निघतात. रील दाखवलं तर दोघं मिळून गप्प बसतात. मी हाच भेद धरतो.

गटावरचं भांडण

याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण तुटलेली घरं मी इथे बघितली आहेत.

भाऊबंदांचा व्हॉट्सअ‍ॅप गट असतो. सामाईक विहिरीच्या मोटारीचं बिल आलं. गावातल्या भावानं रात्री गटावर टाकलं, "सगळ्यांनी आपापला हिस्सा द्यावा." सुरतेतल्या भावानं वाचलं, निळी टिक पडली, तो शिफ्टला निघून गेला. इकडे याला वाटलं मुद्दाम उत्तर देत नाही. सकाळी दुसरा मेसेज, जरा कडक. मग एका वहिनीनं मध्ये अंगठा दाखवला; कोणाच्या बाजूनं दाखवला ते कोणालाच कळलं नाही. दुपारपर्यंत गटातून तिघं बाहेर पडलेले. मूळ रक्कम म्हणाल तर दोघांनी मिळून एका दिवसात चहा-नाश्त्यावर घालवली असती इतकी. पुढे श्रावणात कानबाई देवीच्या रोटाला, भाऊबंद एकत्र जेवतात त्या सणाला, ते घर आलंच नाही.

असं का होतं? समोरासमोर बोलताना वाक्य अर्ध्यात असतानाच समोरच्याचं तोंड उतरलेलं दिसतं आणि आपण वाक्य वळवतो. टाईप केलेलं वाक्य पूर्ण जातं, रात्रभर तिथेच राहतं आणि दहाजण ते पुन्हा पुन्हा वाचतात. शिवाय घरी आपण अहिराणीत बोलतो, गटावर मात्र शाळेतली मराठी लिहितो. भावानं भावाला लिहिलेलं तलाठी कचेरीच्या नोटिशीसारखं दिसायला लागतं. त्यात चेष्टा दिसत नाही, आवाजातली माया दिसत नाही.

म्हणून पैसा, जमीन, पाणी, लग्न, आजारपण आणि जुना राग, यातलं काहीही गटावर सुरू करायचं नाही. दुसऱ्या कोणी सुरू केलं तर गटावर उत्तर द्यायचं नाही, पण गप्पही बसायचं नाही. गप्प बसण्याचे दहा अर्थ निघतात. त्याला एकट्याला फोन करायचा, नाहीतर एवढंच लिहायचं: "घर ये, बोलनं शे", म्हणजे घरी ये, बोलायचं आहे. भाऊ सुरतेत असेल तर आधी फोनवर आवाज ऐकवायचा आणि तो कधी येणार ते तिथेच विचारून घ्यायचं. भेटीत घरातलं एखादं वडीलधारं माणूस बसवायचं, काका नाहीतर आत्या, ज्यांच्यासमोर दोघांना आवाज चढवता येत नाही. काय ठरलं तेवढंच नंतर गटावर टाकायचं, कोण काय बोललं ते नाही.

निळ्या टिकेचा उपायही सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत जाऊन रीड रिसीट बंद करता येते. मग तुम्ही वाचलेलं दुसऱ्याला कळत नाही आणि दुसऱ्यानं वाचलेलं तुम्हाला. गटात मात्र ती बंद होत नाही. म्हणून गटासाठी वेगळा उपाय: त्या गटाला म्यूट करा, आठ तास, आठवडा किंवा कायमचा. गट सोडू नका. गट सोडला की तो घर सोडल्यासारखा लागतो, म्यूट केलेलं कोणाला कळतही नाही.

लांबच्या लेकरांशी व्हिडिओ कॉल

रोज व्हिडिओ कॉल करणारी घरं वाढली आहेत आणि ते चांगलंच आहे. पण एक गोष्ट मी पुष्कळ आयांच्या तोंडून ऐकली: मुलगा सुरतेहून ताप्ती लाईनच्या रेल्वेनं रात्रभर प्रवास करून येतो, आई दारात उभी असते, आणि जेवण झाल्यावर दोघांनाही बोलायला काही नसतं. रोज थोडं थोडं सगळं सांगून झालेलं असतं. मग तो फोन काढतो.

यावर उपाय असा की रोजच्या कॉलमध्ये रोजचंच बोला: जेवण, तब्येत, पाऊस, कपाशी. मोठं बोलणं भेटीसाठी राखून ठेवा आणि तसं सांगा: "हे तू आल्यावर नीट बोलू." आजीला नातवाशी बोलायला लावताना फोन हातोहात फिरवत "बोल ना, बोल ना" करू नका, दोघंही बावरतात. फोन डब्याला टेकवून ठेवा आणि आजीला शेंगा सोलू द्या, पोराला तिकडे चित्र काढू द्या. मधूनच काहीतरी निघतं. आणि फोन ठेवण्याआधी पुढच्या येण्याची तारीख बोलली गेलीच पाहिजे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येणार असेल तर झोका कुठल्या निंबाला बांधायचा हे आजी आणि नात महिनाभर आधीपासून ठरवू शकतात. असा कॉल त्या भेटीची वाट तयार करतो.

सुनेचा फोन काढून घेऊ नका

हे मी कळकळीनं लिहितोय. नाती टिकवायची म्हणून काही घरांत सगळ्यात आधी नव्या सुनेच्या फोनवर डोळा जातो. परक्या गावात, परक्या माणसांत आलेल्या मुलीला माहेर तेवढंच उरलेलं असतं. तो धागा तोडला म्हणून ती सासूशी जास्त बोलत नाही, ती आतून मिटते. तीच गोष्ट एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची, घराबाहेर पडता न येणाऱ्यांची, आणि गावात आपल्यासारखं कोणी न भेटलेल्या बुजऱ्या पोरांची. त्यांचं नेट कमी करण्याआधी त्यांच्याजवळ जाऊन बसा. सासूला सुनेशी बोलायचं असेल तर सुनेच्या आईला व्हिडिओवर दोघींनी मिळून फोन लावावा. दोन विहिणी बोलायला लागल्या की सून मध्ये दुवा होते. मी असं जमलेलं बघितलंय.

पोरांबद्दल थोडक्यात. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचं ठरवलं. यातली खरी ताकद भोंग्यात नाही, सगळ्यांचे फोन एकाच वेळी बंद होण्यात आहे. एकट्या पोराचा फोन बंद केला तर त्याला शिक्षा वाटते, कारण मित्र तिकडे खेळत असतात. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून जेवणाची एक वेळ ठरवली तरी पुष्कळ होतं. मोठ्यांचेही फोन त्यात आले पाहिजेत, नाहीतर करू नका.

हात गुंतलेले असतील असं काम काढा

नुसतं "चला, फोन ठेवून गप्पा मारू" म्हटलं की माणसं अवघडून बसतात. गप्पा कामाच्या मागून येतात. आपल्या भागाकडे यासाठी जे आहे ते दुसरीकडे क्वचितच असेल. उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे असतात तेव्हा ज्वारीचा घाटा गरम असतानाच थापावा लागतो. हात पिठाचे, ऊन चढायच्या आत संपवायची घाई, गल्लीतल्या चार-पाच जणी. फोन वाजला तरी कोण उचलणार? वर्षभराच्या गोष्टी तिथे निघतात. बिबडे आता विकत मिळतात, पण शक्य असेल त्या घरानं निदान थोडे तरी घरी घालावेत. कानबाईची रात्र जागवताना गाणी म्हणणाऱ्या बायांमध्ये बसून पोरींनी एखादं गाणं तोंडपाठ करावं. शूटिंग एकीनंच करावं आणि नंतर सगळ्यांना पाठवावं. शूटिंग करणारे दहाजण झाले की गाणारं कोणी उरत नाही.

आणि थंडीतलं भरीत. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, चटके बसत साल काढायची, बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचायची, कोणी मिरच्या-लसूण कुटायचा, कोणी कांद्याची पात चिरायची, केळीच्या पानावर वाढायचं. प्रत्येकाच्या हाताला काम आणि हात काळे. दुरावलेल्या भावांना बोलतं करायचं असेल तर मी दिवाळीनंतरचा हा मोसम सुचवतो. घरात समोरासमोर बसवलं तर जुना विषय निघतो. जाळापाशी दोघं एकाच कामाकडे बघत असतात, म्हणून बोलणं सोपं जातं.

हे जमवायला फोन जरूर वापरा. निरोप गटावर टाकू नका, गटावरच्या निमंत्रणाला अंगठा येतो, माणूस येत नाही. एकेकाला वेगळा फोन करा आणि चार गोष्टी सांगा: कोणता वार, किती वाजता, कोणाच्या शेतात, आणि त्यानं काय आणायचं. शेवटची विसरू नका. वांगी आणायला सांगितलेला माणूस सहसा चुकवत नाही, आणि पुऱ्यांची कणिक जिच्याकडे आहे ती तर सगळ्यांच्या आधी पोचते. फोटो एकानंच काढायचे. बाकीचे फोन गाडीच्या डिक्कीत, आणि गाडीची चावी घरातल्या सगळ्यात लहान पोराकडे.